युक्रेनहून ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी: पहिल्या काही आठवड्यांचे कागद, हक्क आणि काउन्सिलची मदत

जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, काउंटरवर आम्ही अडलो ते नावावरून. आमच्याकडे राहायला आलेल्या युक्रेनी बाईंच्या पासपोर्टवर नाव आणि आडनाव, एवढंच. मुलाच्या जन्मदाखल्यात मात्र तिच्या नावापुढे आणखी एक शब्द होता: आंद्रिइव्ना. हे मिडल नेम असेल तर पासपोर्टवर का नाही, हे काउंटरवरच्या बाईंना काही केल्या उमगेना. मला मात्र लगेच कळलं. आंद्रिइव्ना म्हणजे आंद्रीची लेक. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं, तसंच. युक्रेनमध्ये जन्मदाखल्यावर ते असतं, परदेश प्रवासाच्या पासपोर्टवर नसतं.

तेव्हापासून घरात एकच नियम: कुठलाही फॉर्म भरायचा तर पासपोर्टवरचं इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं, ना एक अक्षर जास्त ना एक कमी. युक्रेनी अक्षरांवरून इंग्रजी करताना ओलेक्सांद्र आणि अलेक्झांडर असे दोन अवतार सहज तयार होतात, आणि मग बँकेतला माणूस वेगळा, जीपीकडचा वेगळा, असा घोळ होतो. आपल्यातल्या ज्यांनी पासपोर्ट आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरच्या नावातला फरक निस्तरलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींकडून मला दोन प्रश्न वारंवार येतात: आम्ही कुणाला ठेवून घेऊ शकतो का, आणि आलेल्यांना नेमकं काय मिळतं? खालची माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काही गोष्टी वेगळ्या चालतात.

योजना आणि पात्रता

‘होम्स फॉर युक्रेन’, म्हणजे युक्रेनहून येणाऱ्यांना स्पॉन्सरने (यजमानाने) आपल्या घरी ठेवून घेण्याची सरकारी योजना, १४ मार्च २०२२ ला जाहीर झाली आणि १८ मार्चपासून अर्ज सुरू झाले. इथे नातेवाईक असलेल्यांसाठी वेगळी फॅमिली स्कीम होती, ती १९ फेब्रुवारी २०२४ ला बंद झाली. त्यामुळे आता नव्याने येणाऱ्यांसाठी स्पॉन्सरचा हाच रस्ता उरला आहे. त्याच दिवशी आणखी एक बदल झाला: आधी ३ वर्षांची परवानगी मिळायची, त्यानंतरच्या अर्जांना १८ महिन्यांची मिळू लागली.

येणारी व्यक्ती युक्रेनची नागरिक किंवा तिच्या जवळच्या कुटुंबातली हवी, १ जानेवारी २०२२ च्या लगेच आधी युक्रेनमध्ये राहत असलेली हवी, आणि अर्ज ब्रिटनबाहेरून केलेला हवा. अर्जाला फी नाही, हेल्थ सरचार्ज, म्हणजे व्हिसाबरोबर भरायचा आरोग्यसेवेचा आकारही नाही. कुणी पैसे मागत असेल तर तो सरकारी माणूस नाही.

स्पॉन्सरच्या बाजूने नियम पूर्वी सैल होता, सहा महिन्यांचा व्हिसा हातात असला तरी चालायचं. फेब्रुवारी २०२४ पासून स्पॉन्सर ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक हवा, नाहीतर आयएलआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळालेला. म्हणजे आयटी कंपनीतर्फे स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या आपल्या मुलामुलींना स्पॉन्सर होता येत नाही. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. फॉर्म भरायला बसणारं, शाळेत सोबत जाणारं माणूस तितकंच लागतं.

किमान सहा महिने राहू द्यायचं आणि भाडं घ्यायचं नाही, ही मूळ अट. काउन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, माणूस घर बघून जातो: स्मोक अलार्म, गॅस, खोल्या किती, कोण कुणाबरोबर झोपणार. घरातल्या सोळा वर्षांवरच्या सगळ्यांचा डीबीएस, म्हणजे पोलिस नोंदींचा तपास होतो. पाहुणे आल्यावर पुन्हा एक भेट होते. आमच्याकडे आलेल्या बाईंनी त्या भेटीसाठी फ्रीज आतून पुसून ठेवला होता. तपासणी तिची नाही, आमची आहे, हे समजावायला अर्धा तास गेला.

यजमानाला महिन्याला ‘थँक यू’ म्हणून रक्कम मिळते, ती पाहुण्यांमागे नाही, पत्त्यामागे. पूर्वी वर्ष उलटल्यावर ती ३५० वरून ५०० पौंड व्हायची, एप्रिल २०२५ पासून सरसकट ३५० आहे. त्यावर टॅक्स नाही. एकट्याने राहणाऱ्यांची काउन्सिल टॅक्समधली सवलतही पाहुण्यांमुळे जात नाही. घर भाड्याचं असेल तर घरमालकाची लेखी संमती आधी घ्या. स्वतःचं असेल तर मॉर्गेज देणाऱ्या बँकेला आणि घराच्या विमा कंपनीला एक मेल टाकून ठेवावा. भांडण झाल्यावर मेल शोधण्यापेक्षा ते बरं.

कागदांचा क्रम

पहिला कागद म्हणजे ई-व्हिसा, आणि हा कागदच नाही. पूर्वी बीआरपी नावाचं कार्ड हातात मिळायचं. आता सगळं ऑनलाइन आहे, यूकेव्हीआयच्या, म्हणजे सरकारच्या व्हिसा विभागाच्या, खात्यात. ते खातं पाहुण्यांच्या स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या फोन नंबरवर उघडा. मी घाईत माझा ईमेल घातला होता. पुढचे काही आठवडे तिने कुठेही लॉग-इन केलं की कोड माझ्याकडे येई आणि मी मीटिंगमध्ये. शेवटी बदलून घेतला.

या खात्यातून शेअर कोड, म्हणजे आपला हक्क दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायचा कोड, काढता येतो आणि तो ९० दिवस चालतो. नोकरीसाठीचा कोड इंग्रजी डब्ल्यूने सुरू होतो, घर भाड्याने घेण्याचा आरने आणि बाकी कामांचा एसने. घरमालकाला डब्ल्यूवाला कोड दिला तर तो चालत नाही. ही चूक सगळेच एकदा करतात.

दुसरं, काउन्सिलकडून माणशी २०० पौंड. लहान मुलांनाही मिळतात, परत करायचे नसतात. बँक खातं उघडेपर्यंत घरखर्च चालावा म्हणून ही रक्कम आहे, त्यामुळे काही काउन्सिल प्रीपेड कार्डवर देतात. आपोआप आले नाहीत तर काउन्सिलच्या युक्रेन टीमला विचारा. संकोचाने गप्प बसणारे पुष्कळ असतात.

तिसरं बँक खातं. पत्त्याचा पुरावा मागतात आणि नव्याने आलेल्याच्या नावावर विजेचं बिल कुठून असणार? स्पॉन्सरचं सहीचं पत्र किंवा काउन्सिलचं पत्र सोबत न्या. एका शाखेने नाही म्हटलं तर दुसरी बँक बघा.

चौथं युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता, ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. या योजनेतून आलेल्यांना पहिल्या दिवसापासून अर्ज करता येतो. परदेशातून येणाऱ्या इतरांना जी ‘इथे स्थायिक आहात का’ची परीक्षा लागते, तिच्यातून त्यांना सूट आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग जॉबसेंटरमध्ये ओळख पटवायला जायचं. पहिले पैसे साधारण पाच आठवड्यांनी येतात. मधल्या काळासाठी ॲडव्हान्स मागता येतो, पण ते कर्ज आहे, पुढच्या हप्त्यांतून कापलं जातं. हे नीट सांगा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात रक्कम कमी दिसली की धसका बसतो. इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मागण्याचा हक्क आहे. आमच्या बाई गुगलच्या भाषांतरावर भागवायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं.

चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांमागे मिळणारा भत्ता, वेगळं, ते कर खात्याकडे, म्हणजे एचएमआरसीकडे मागायचं. मुलाचा जन्मदाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. मागचे पैसे तीनच महिन्यांपर्यंतचे मिळतात, म्हणून रेंगाळू नका. साठीपुढच्या आजीआजोबांना घेऊन आलेल्यांनी पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांच्या भत्त्याच्या वयाची अट तपासावी.

नोकरी करायला परवानगी आहे, स्वतःचा धंदाही चालतो. नॅशनल इन्शुरन्स नंबर (कर आणि विम्याच्या नोंदीचा क्रमांक) नसला तरी कामावर रुजू होता येतं, फक्त त्याचा अर्ज केलेला असावा.

जीपी आणि शाळा

जीपीकडे नाव घालायला ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. तो नाही म्हणून परत पाठवणं नियमात बसत नाही. एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, उपचार इथल्या रहिवाशांसारखेच मोफत. इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीला पैसे पडतात, उत्पन्न कमी असेल तर एचसी-१ फॉर्म भरून सूट मिळते. मुलांची लस झाल्याची युक्रेनी नोंद असते, फॉर्म ०६३ नावाची. ती सोबत असेल तर भाषांतरासह द्या. त्यात बीसीजी दिसेल. इथल्या नर्सला तिचं नवल वाटेल, आपल्याला वाटणार नाही, आपल्या दंडावरही तो वण आहेच.

शाळेसाठी थेट मुख्याध्यापकांकडे नाही, काउन्सिलच्या ॲडमिशन विभागाकडे जायचं. वर्षाच्या मध्ये आलेल्यांसाठी ‘इन-इयर’ अर्ज असतो. पाच ते सोळा वयाला शिक्षण सक्तीचं आहे. जवळच्या शाळेत जागा नसेल तर दूरची मिळते, आणि नकाराविरुद्ध अपील करता येतं. युनिव्हर्सल क्रेडिट सुरू झालं की शाळेतल्या मोफत जेवणासाठीही अर्ज करा. पुष्कळ मुलं इथली शाळा करून संध्याकाळी युक्रेनची ऑनलाइन शाळाही करतात. रविवारी मराठी शाळेला कुरकुरत जाणारी आपली पोरं बघितली की त्या मुलांबद्दल जास्तच वाटतं. मोठ्यांनी इंग्रजीसाठी जवळच्या कॉलेजात ‘ईसॉल’च्या वर्गाची चौकशी करावी.

एक सावधगिरी, यजमानांसाठी

फॉर्म भरायला मदत करणं वेगळं आणि इमिग्रेशनचा सल्ला देणं वेगळं. नोंदणी नसताना असा सल्ला देणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. ‘यानंतर पीआर मिळेल का’ असं कुणी विचारलं तर अंदाज बांधू नका. या योजनेतला काळ स्थायिक होण्याच्या मुदतीत धरला जात नाही, एवढं सरकारने स्पष्ट केलं आहे. पुढचं सिटिझन्स ॲडव्हाइसकडे किंवा नोंदणीकृत सल्लागाराकडे पाठवा.

मुदतवाढीसाठी ‘युक्रेन परमिशन एक्स्टेन्शन’ ही योजना ४ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाली. फी नाही, पण परवानगी संपायच्या आत अर्ज व्हायला हवा. घरातल्या प्रत्येकाचा अर्ज वेगळा, मुलांचाही, आणि आईची तारीख एक व मुलाची दुसरी असू शकते. वेळेत अर्ज केला की निर्णय येईपर्यंत कामाचा आणि बेनिफिटचा हक्क शाबूत राहतो. सरकारी पानावर अर्जाची खिडकी कधी उघडते ते बघून ठेवा.

सहा महिन्यांनी तुम्हाला पुढे जमणार नसेल तर दोन महिने आधी काउन्सिलला आणि पाहुण्यांना सांगा. काउन्सिल दुसरा यजमान शोधून देते किंवा भाड्याच्या घरासाठी डिपॉझिटची मदत करते. कुणी कुठेही हललं की पत्ता चार ठिकाणी बदलायचा: यूकेव्हीआय खातं, युनिव्हर्सल क्रेडिट, बँक, जीपी. आमच्याकडच्या मायलेकरांनी तीन ठिकाणी बदलला, जीपी राहिला. त्यांची पत्रं अजून आमच्या दारात पडतात, नावात आंद्रिइव्ना धरून.