बी.एड.चे वीस आठवडे : पार्श्वभूमी

बी.एड.च्या छात्राध्यापकाने, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने, दोन वर्षांत किमान २० आठवडे शाळेत काढायचे, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६, असा नियम आहे. डी.एल.एड.लाही (म्हणजे पूर्वीच्या डी.एड.लाही) तेच गणित. हा आकडा २०१४ च्या अखेरीस निघालेल्या केंद्रीय नियमावलीतून आला आणि २०१५-१६ च्या तुकडीपासून लागू झाला, हे या क्षेत्रातल्या कुणाला सांगायला नको. मात्र ज्या वादातून तो आला तो वाद महाराष्ट्रातला होता आणि डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेवरून पेटला होता. छात्राध्यापकाने शाळेत किती दिवस शिकवावे, हा प्रश्न त्यात सुरुवातीला नव्हताच. याबद्दल फारसे बोलले जात नाही.

शाळेतच शिक्षक घडवण्याची कल्पना मुळात जुनी. इंग्लंडमध्ये १८४६ पासून चाललेली पद्धत १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने हिंदुस्थानासाठी सुचवली होती. हुशार विद्यार्थी हेरायचा, त्याला विद्यावेतन देऊन शाळेतच मास्तरांच्या हाताखाली ठेवायचे, लायक ठरला तर पुढे नॉर्मल स्कूलला, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत, पाठवायचे आणि शेवटी प्रमाणपत्र द्यायचे. शाळेच्या वेळेबाहेर त्याला शिकवल्याबद्दल मास्तरांनाही थोडी रक्कम मिळावी, असे त्यात म्हटले होते. म्हणजे शिकणाऱ्यालाही पैसे आणि शिकवणाऱ्यालाही. आजचा छात्राध्यापक फी भरून शाळेत जातो आणि त्याला सांभाळणाऱ्या वर्गशिक्षकाच्या पदरात बहुतेक ठिकाणी आभाराचे पत्र पडते. हा उलटा प्रवास एका दिवसात झालेला नाही.

मुंबई इलाख्यात प्रशिक्षणाची सूत्रे हळूहळू शाळेकडून ट्रेनिंग कॉलेजाकडे गेली. प्रत्येक ट्रेनिंग कॉलेजाला सरावशाळा जोडलेली असावी, असे १९०४ च्या सरकारी ठरावाने सांगितले. माध्यमिक शिक्षकांसाठीचे सरकारी कॉलेज मुंबईत १९०६ मध्ये निघाले. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंचपदीचे (पाच पायऱ्यांचे) पाठ, पाठाचे नियोजन लिहायची टाचणवही, मागच्या बाकावर बसून शेरे लिहिणारा निरीक्षक, हे सगळे याच काळात रुजले आणि पुढे कितीतरी पिढ्या टिकले. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन, गृहपाठ हा क्रम निवृत्त शिक्षकांना आजही झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. त्या क्रमाची आता टिंगल होते, पण निदान समोर खरी मुले असत.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा शिक्षण आयोग १९६४ ते ६६ या काळात बसला. शिक्षक-प्रशिक्षण शाळांपासून तुटले आहे, विद्यापीठांपासूनही तुटले आहे, असे त्याने बजावले आणि सुट्या पाठांऐवजी सलग काळ शाळेत राहून शिकवण्याचा आग्रह धरला. भोपाळ, अजमेर, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथल्या प्रादेशिक महाविद्यालयांतल्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात तशी सलग आंतरवासिता (इंटर्नशिप) होतीही. बाकी देशाने मात्र पाठ मोजणेच पसंत केले. दोन अध्यापन पद्धतींचे, म्हणजे शिकवायच्या दोन विषयांचे, प्रत्येकी वीस, मिळून चाळीस पाठ हा जुना हिशोब होता. विद्यापीठागणिक आकडा थोडा मागेपुढे व्हायचा. आठवड्यातले ठरावीक दिवस छात्राध्यापकांचा जथा शाळेत यायचा, ठरलेल्या तासाला ठरलेला घटक घ्यायचा आणि पुढच्या तासाला रिक्षाने कॉलेजात परतायचा. वर्गातली मुले त्यांना ‘लेसनवाले सर’, ‘लेसनवाल्या बाई’ म्हणायची.

त्यात सूक्ष्म अध्यापनाची भर पडली. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), बारा मिनिटे पुनर्नियोजन, मग सहा मिनिटे पुन्हा पाठ आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण, असे छत्तीस मिनिटांचे चक्र. भारतीय नमुन्यात विद्यार्थ्यांच्या जागी सहाध्यायीच बसतात. तिशीतली गृहिणी आठवीतल्या मुलासारखा हात वर करून ‘सर, प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?’ असे विचारते. प्रश्न विचारण्याचे, फलकलेखनाचे, दिग्दर्शनाचे कौशल्य यातून घोटता येते, नाही असे नाही. पण एक वर्षाच्या बी.एड.मध्ये या चक्रांनी आणि सुटी कौशल्ये एकत्र गुंफणाऱ्या सेतुपाठांनी पहिले कित्येक आठवडे व्यापले. उरलेल्या वेळात सराव पाठ, मग छात्रसेवाकाल म्हणून शाळेत सलग थोडे दिवस, आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकासमोर वार्षिक पाठ. पूर्ण शाळा चालते कशी, हे कळायच्या आत वर्ष संपायचे.

आता त्या वादाकडे. नव्वदच्या दशकात बारावीनंतर डी.एड. म्हणजे नोकरीची हमी असे समीकरण होते. गुणवत्ता यादी चढीच लागायची. १९९५ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणावर देखरेख करणारी केंद्रीय परिषद (एनसीटीई) वैधानिक रूपात अस्तित्वात आली आणि मान्यतेचा अधिकार तिच्या विभागीय समित्यांकडे गेला. महाराष्ट्राची समिती बसायची भोपाळला. तालुक्यातालुक्यांत संस्थाचालकांनी डी.एड. काढले, मग बी.एड. काढले. इतक्या शिक्षकांची गरज नाही असे राज्य सरकार म्हणत राहिले आणि मान्यता येत राहिल्या. पाहणी झालेली इमारत, ग्रंथालय आणि अध्यापक प्रत्यक्षात किती काळ जागेवर असत, याची चर्चा त्या काळी शिक्षक खोलीत उघडपणे व्हायची. अशा २९१ डी.एड. संस्थांचा प्रश्न उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि २०११ मध्ये एक उच्चाधिकार आयोग नेमला गेला. या संस्थांची तपासणी झाली. त्यांतल्या बहुसंख्य मान्यतेस पात्र ठरल्या नाहीत.

आयोग तिथे थांबला नाही. त्याला देशभरातल्या शिक्षक-प्रशिक्षणाचाच विचार करायचा होता. ऑगस्ट २०१२ मध्ये तीन खंडांचा अहवाल आला. सेवापूर्व प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांपैकी सुमारे ९० टक्के बिगरसरकारी आहेत, अभ्यासक्रमाचा कालावधी वाढवायला हवा, प्रशिक्षण बहुविद्याशाखीय विद्यापीठांच्या आवारात न्यायला हवे, अशा दिशेने त्याने बोट दाखवले. २०१४ ची नियमावली ही त्याची अंमलबजावणी. म्हणजे रोग होता बोगस कॉलेजांचा आणि औषध निघाले बी.एड.चा अभ्यासक्रम दुप्पट करण्याचे. ज्या संस्थेला एक वर्षाचे प्रशिक्षण धड देता येत नव्हते तिच्या हाती दोन वर्षे आणि दोन वर्षांची फी आली. याचे उत्तर आयोगाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी दिले ते असे : नियम कडक झाले की तकलादू संस्था आपोआप गळतील. काही गळाल्याही. पण त्या नियमांपेक्षा भरतीबंदीने आणि रिकाम्या राहिलेल्या जागांनी जास्त गळाल्या, असे राज्यातले चित्र पाहता वाटते.

नियमावलीचे तपशील वाचले तर तिच्यामागचा विचार चांगला होता हे मान्य करावे लागते. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, आठवड्याला किमान ३६ तास. इतर कामाला ८० टक्के हजेरी, शाळेतल्या आंतरवासितेला मात्र ९० टक्के. सोळा आठवड्यांतला पहिला आठवडा फक्त अनुभवी शिक्षकाचा वर्ग पाहण्याचा. आणि एका शाळेवर गर्दी होऊ नये म्हणून मर्यादा : हजारापर्यंत पट असलेल्या शाळेत दहापेक्षा जास्त छात्राध्यापक नकोत, दोन हजारांपर्यंत पट असेल तर वीसपेक्षा जास्त नकोत.

ही शेवटची ओळ लिहिणाऱ्यांनी तालुक्याचे गाव डोळ्यांपुढे आणले होते का, हा प्रश्न उरतो. एका बी.एड. कॉलेजाची एक तुकडी ५० ची. गावात तीन कॉलेजे असली तर दुसऱ्या वर्षाचेच दीडशे छात्राध्यापक. प्रत्येकी दहा म्हटले तरी पंधरा माध्यमिक शाळा हव्यात, त्याही चालत किंवा एसटीने गाठता येतील अशा. त्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळा दारात उभे करत नाहीत. अनुदानित शाळेचे मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत, पण दहावीचा वर्ग देत नाहीत. आठवी-नववी घ्या म्हणतात. सहामाही आणि वार्षिक परीक्षा, स्नेहसंमेलन, सहल, निवडणुकीची कामे वजा केली की सलग सोळा आठवडे उरतात कुठे? शिवाय बी.एड.च्या प्रवेशफेऱ्या लांबत लांबत दिवाळीच्या तोंडाशी आलेल्या असतात. मग विद्यापीठांनी सोळा आठवडे सत्रांमध्ये वाटून दिले. सलगपणा हाच ज्या सुधारणेचा गाभा, तोच पहिल्यांदा सुटला.

खरा गोंधळ मात्र शाळेच्या आत झाला. त्या सोळा आठवड्यांत छात्राध्यापक कुणाचा? कॉलेजाचा की शाळेचा? मेथड मास्टरला, म्हणजे कॉलेजात विषयाची अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या प्राध्यापकाला, वाटते तो आपला आहे. टाचणे आपल्या नमुन्यातच लिहावीत, अमुक इतके पाठ, तमुक इतकी निरीक्षणे, एक कृतिसंशोधन, सगळे सही-शिक्क्यासह जमा करावे. मुख्याध्यापकांना वाटते आता हे आपले मनुष्यबळ आहे. एखादे पद वर्षानुवर्षे रिक्त असलेल्या शाळेत गणिताला कुणी नाही म्हटल्यावर गणिताचा छात्राध्यापक मिळणे म्हणजे देवच पावला! त्याला पूर्ण वेळापत्रक दिले जाते, ऑफ तास दिले जातात, ऑनलाइन माहिती भरायला संगणकासमोर बसवले जाते. नियमावलीतला मार्गदर्शक शिक्षक नेमका त्याच तासाला स्टाफरूममध्ये तपासणीचे गठ्ठे घेऊन बसलेला सापडतो. त्याला दोष तरी कसा द्यायचा? त्याच्या वेळापत्रकातला एकही तास या कामासाठी कमी झालेला नाही, आणि त्याने काय बघावे, काय सांगावे याचे प्रशिक्षण त्याला कुणी दिलेले नाही. सर्व अभ्यासक्रम छात्राध्यापकासाठी लिहिला गेला. त्याला घडवणाऱ्या शाळेतल्या माणसासाठी जवळजवळ काहीच नाही.

तरीही ज्यांनी हे आठवडे खरोखर शाळेत काढले त्यांच्यात आणि चाळीस सुटे पाठ घेतलेल्यांत फरक दिसतो, असे जुने मुख्याध्यापक सांगतात. पालकसभा, शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी खेपा घालणारे आईबाप, मधल्या सुटीनंतर न परतणारी मुले, घटक चाचणीनंतर उघडे पडणारे वाचन, यांतले काहीच अर्ध्या तासाच्या पाठात भेटत नाही. प्रश्न असा की किती जणांनी ते काढले. फी भरा, हजेरीचे बघू, अशा तोंडी करारावर चालणारी प्रवेशाची बाजारपेठ कुणाला ठाऊक नाही? दोन वर्षे नोकरी वा घर सोडून राहता न येणाऱ्या उमेदवारांनी तिला हातभारही लावला. ९० टक्क्यांची अट तिथे कागदावरच पूर्ण होते.

२०१५ नंतरच्या घडामोडी वेगाने आल्या. करोनाच्या काळात शाळाच बंद, त्यामुळे आंतरवासिता मोबाइलच्या पडद्यावर गेली; कित्येकांनी पुन्हा सहाध्यायांनाच विद्यार्थी करून पाठ दिले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. हीच किमान अर्हता करण्याचे जाहीर केले, आणि २०२३-२४ पासून निवडक संस्थांत ती प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ग्राह्य नसल्याचे सांगितले, तेव्हा ओस पडत चाललेल्या डी.एल.एड.ला पुन्हा थोडा भाव आला.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. इथे पदविका-पदवी घेऊन, पात्रता परीक्षा देऊन, भरतीत निवड होऊनही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २००० पासूनची ही व्यवस्था. प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,०००, कनिष्ठ महाविद्यालयात ९,००० असे मानधन बरीच वर्षे गोठून राहिले आणि २०२३ मध्ये अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. ही तीन वर्षे उमेदवारीची म्हणावीत, तर या काळात हाताखाली घेणारा कुणी नेमलेला नसतो. ती पगार वाचवण्याची सोय आहे, प्रशिक्षणाची नाही. तिला शिकाऊ काळ म्हणणाऱ्यांनी एखादी एकशिक्षकी शाळा पाहावी. तिथला शिक्षणसेवकच मुख्याध्यापक असतो.

त्यात २०२४ मध्ये युवकांसाठी राज्याची कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावी उत्तीर्णाला महिना ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. मुदत आधी सहा महिन्यांची, नंतर वाढवलेली. योजना सगळ्याच आस्थापनांसाठी होती, पण डी.एड., बी.एड. झालेले अनेक जण तिच्यातून जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्गावर उभे राहिले. त्यामुळे काही शाळांत एकाच वेळी फी भरून शिकवणारा छात्राध्यापक, विद्यावेतनावर शिकवणारा प्रशिक्षणार्थी, मानधनावरचा शिक्षणसेवक आणि पूर्ण पगाराचा शिक्षक, असे चौघे एकाच वेळापत्रकात दिसू शकतात. पहिला अजून शिकतो आहे आणि बाकी तिघे प्रशिक्षित आहेत, हा फरक मुलांना आणि पालकांना कळायचे कारण नाही. शाळेलाही तो नेहमी सोयीचा असतो असे नाही.

२०२५ च्या सुरुवातीला केंद्रीय परिषदेने नव्या नियमावलीचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाची बी.एड. परत येते आहे. एका वर्षात प्रवेशफेऱ्या, दोन सत्रपरीक्षा आणि लेखी विषय बसवल्यावर शाळेच्या वाट्याला काय येणार, यावर शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत आत्ताच तर्क सुरू आहेत. सरावशाळांच्या मुख्याध्यापकांना मात्र याही वेळी आधी कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.