मार्केतलं घर ठरवण्याआधी

इटलीतल्या मार्केमधल्या शेतावरच्या घरासाठी आमच्याकडे विचारणा आली की बहुतेक जण आधी फोटो मागतात. आम्ही आधी नकाशा पाठवतो. तिथली सुट्टी कशी जाईल, हे घर किती देखणं आहे यापेक्षा ते कोणत्या खोऱ्यात आहे यावर जास्त ठरतं.

मार्के हा मध्य इटलीचा पूर्वेकडचा प्रांत. पश्चिमेला अपेनाइन डोंगर, पूर्वेला एड्रियाटिक समुद्र आणि मध्ये टेकड्याच टेकड्या. मेताउरो, एझिनो, कियेन्ती, त्रोन्तो या नद्या डोंगरातून निघून कंगव्याच्या दातांसारख्या समुद्राकडे जातात. कोकणातल्या नद्या डोळ्यांपुढे आणा, फक्त दिशा उलटी. नदीकाठचा रस्ता सरळ आणि वेगाचा असतो. शेजारच्या खोऱ्यात जायचं तर मात्र चढ, वळणं, टेकडीवरचं गाव आणि पुन्हा उतार. नकाशावरचे तीस किलोमीटर सहज पाऊण तास घेतात. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही येझी आणि आर्चेव्हिया यांच्यामधलं घर सुचवतो. तिथून सेनिगालियाचा वाळूचा किनाराही जवळ आणि डोंगरही जवळ.

अशा घरांना इटलीत ‘आग्रितुरिझ्मो’ म्हणतात. कायद्याने तिथं शेती हाच मुख्य व्यवसाय असावा लागतो, पाहुणे हा जोडधंदा. त्यामुळे खिडकीखाली द्राक्षमळा किंवा ऑलिव्हची झाडं असतात आणि हंगामात पहाटे ट्रॅक्टरही सुरू होतो. हॉटेलसारखी चोवीस तास सेवा तिथं नसते. पण यजमानांच्या शेतातलं तेल आणि त्यांच्याच परसातले टोमॅटो तुमच्या स्वयंपाकघरात येतात, आणि आमच्या मते या सहलीचा खरा आनंद तोच आहे.

आठवड्यात तीनच मोठ्या फेऱ्या करा. पहिली एझिनोच्या खोऱ्यातून वर फ्रासास्सीच्या गुहांची. या गुहा 1971 मध्ये सापडल्या. पहिलंच दालन इतकं प्रचंड आहे की मिलानचं कॅथेड्रल त्यात मावेल, असं सांगतात. आत बाराही महिने 14 अंश तापमान असतं, तेव्हा जुलैतही स्वेटर घ्या. पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी आमच्याशी बोला.

त्याच रस्त्याने पुढे फाब्रियानो लागतं. तेराव्या शतकापासून इथं कागद बनतो. चिंध्या कुटायला पाण्यावर चालणारे हातोडे, शाई पसरू नये म्हणून प्राण्यांपासून केलेल्या सरसाचा थर आणि उजेडात धरल्यावर दिसणारा वॉटरमार्क या तीन गोष्टींमुळे या गावाचा कागद युरोपभर गेला. जुन्या मठातल्या संग्रहालयात कारागीर साचा लगद्यात बुडवून कागद उचलून दाखवतात. मुलं बरोबर असतील तर हे चुकवू नका.

दुसरी फेरी उर्बिनोची, तिला मात्र पूर्ण दिवस द्या. रस्ता खोरी ओलांडत जातो, त्यामुळे एका बाजूला तासाहून जास्त वेळ लागतो. चित्रकार राफाएलचा जन्म 1483 मध्ये इथंच झाला, त्याचं घर पाहता येतं. पण ड्यूक फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रोच्या राजवाड्यातली अभ्यासिका पाहून आम्ही दर वेळी थबकतो. खोली लहानशी. भिंतींवर अर्धवट उघडी कपाटं, पुस्तकं, वाद्यं, एक खार आणि फळांची टोपली दिसते. जवळ गेल्यावर कळतं की हे सगळं वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचं जडावकाम आहे, भिंत सपाटच आहे. पुष्कळ संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार किनाऱ्यासाठी ठेवा.

तिसरी आस्कोली पिचेनोची. गाव सुंदर आहे, पण दक्षिण टोकाला. एका दिवसात जाऊन यायचा हट्ट नको, एक रात्र तिथं राहा. त्या बाजूच्या डोंगराळ गावांना 2016 च्या भूकंपांचा मोठा तडाखा बसला, तेव्हा तिकडे वळायचं असेल तर आधी आम्हाला विचारा.

आता खाण्याचं. शाकाहारी मंडळींनी दोन पदार्थांपासून सावध राहावं. आस्कोलीच्या तळलेल्या भरल्या ऑलिव्हमध्ये मांसाचं सारण असतं. उर्बिनोकडची ‘क्रेशा’ आपल्या पदराच्या पराठ्यासारखी दिसते, पण तिच्यात बहुधा डुकराची चरबी, म्हणजे ‘स्त्रुत्तो’, असते. चीजमध्येही बऱ्याचदा प्राणिज रेनेट, म्हणजे दूध गोठवायला वापरलेला प्राण्यांच्या पोटातला पदार्थ, असतं. याउलट सेर्रा दे कोन्ती गावची ‘चिचेर्किया’ जरूर आणून शिजवा. ही म्हणजे आपल्या विदर्भातली लाखोळीच. तिथं तिचं सूप करतात. बेसन हवं असेल तर ‘फारिना दि चेची’ मागा.

भारतातून मसाले, पोहे, चिवडा न्या. तूप, पेढे, बर्फी मात्र नेऊ नका: दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांच्या सामानातून युरोपीय संघात आणायला बंदी आहे. ओला कढीपत्ताही घरीच ठेवा. आणखी एक, इटलीतल्या घरांना बहुधा तीन किलोवॉटचीच वीजजोडणी असते. ओव्हन, किटली आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की अंधार होतो.

गाडीशिवाय या घरांचा उपयोग नाही. निघण्यापूर्वी आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा आणि मूळ लायसन्सही जवळ ठेवा. जुन्या गावांच्या वेशीवर ‘झेडटीएल’ (ZTL), म्हणजे वाहनांना मर्यादित प्रवेश, असा फलक दिसला की गाडी बाहेर लावून चालत आत जा. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस कधी कधी काही महिन्यांनी घरी येते. गावातली दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होतात, ती चारच्या आसपास उघडतात. भाजी सकाळीच आणा.

मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने आम्हाला सर्वात आवडतात. ऑगस्टमध्ये सारी इटली समुद्रावर असते. ऑलिव्हची तोडणी पाहायची असेल तर ऑक्टोबरअखेरीस जा, गारठ्याची तयारी ठेवून.

फोन करताना एवढं सांगा: बरोबर कोण कोण आहे, गाडी चालवणारे किती जण आहेत आणि रोज घरी स्वयंपाक करायचा आहे का. खोरं त्यावरून ठरवू, फोटो त्यानंतर पाठवतो.