तापलेले इंजिन पाणी आत ओढते

दसरा जवळ आला की मुंबईतल्या वॉशिंग सेंटरांबाहेर गाड्यांची रांग लागते आणि पूजेपूर्वी गाडी आतून-बाहेरून लख्ख दिसावी म्हणून बॉनेट उघडून इंजिनावरही प्रेशर वॉशरचा झोत मारला जातो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेच काम होज पाइपने होते. कोणी हरकत घेतलीच, तर ठरलेले उत्तर मिळते : ‘चार महिने गाडी पावसातच फिरली ना, मग आता पाण्याने काय बिघडणार?’ युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण त्यात मुख्य गोष्ट सुटते. किती पाणी पडले यापेक्षा ते पडले तेव्हा इंजिन किती तापलेले होते आणि किती झपाट्याने थंड झाले, याला कितीतरी अधिक महत्त्व आहे.

बॉनेटखालची स्वच्छता अनावश्यक आहे, असे मात्र मुळीच नाही. मुंबईत तर ती अधिकच गरजेची आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात, बांधकामांची धूळ बारा महिने उडत असते आणि इंजिनातून पाझरलेल्या तेलावर हे सारे बसून त्याचे चिकट किटण तयार होते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी शोषून विरघळू लागते, आणि पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता याहून बरीच वर असते. त्यामुळे असे किटण वरून कोरडे दिसले तरी आतून ओलसर, खारट आणि विद्युतवाहक असते, आणि धातू गंजण्यास एवढे पुरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आजच्या गाडीत बॉनेटखाली संवेदक, इंजेक्टर आणि नियंत्रक यांना जोडणारे डझनावारी कनेक्टर असतात. प्रत्येकाच्या आत थोडी हवा कोंडलेली असते आणि तोंडाशी रबरी सील असते. गाडी तासभर चालली की इंजिनातील कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) साधारण ९० अंश सेल्सिअसला पोहोचते आणि आसपासचे भागही चांगलेच तापतात. कनेक्टरातली हवा तापून प्रसरण पावते आणि सीलच्या कडेने किंवा वायरीतील तांब्याच्या तारांमधल्या फटींतून थोडी थोडी बाहेर निसटते. अशा रीतीने आतला दाब बाहेरच्या दाबाइतका होतो. नेमक्या याच अवस्थेत त्यावर थंड पाणी पडले, तर काय होईल?

बंद जागेतील वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या समप्रमाणात असतो, हे शाळेत शिकलेले आठवत असेल. कनेक्टर खरोखरच ९० अंशांवर होता आणि पाण्याने तो ३० अंशांवर आला, असे धरू. निरपेक्ष मापाने हे तापमान ३६३ केल्विनवरून ३०३ केल्विनवर उतरले. या दोहोंचे गुणोत्तर ०.८३ आहे, म्हणजे आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे १६ ते १७ टक्क्यांनी कमी झाला. एक वातावरण दाब म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. म्हणून ही तूट जवळजवळ पावणेदोन मीटर पाण्याइतकी भरते. गरम भात भरून घट्ट झाकण लावलेला डबा थंड झाल्यावर उघडता उघडत नाही, त्यामागे वाफेच्या सांद्रीभवनाबरोबर हवेचे हे आकुंचनही असते. डब्याच्या झाकणाभोवती हवा असते. आपल्या कनेक्टरच्या सीलभोवती त्या क्षणी पाणी असते, आणि आतली पोकळी भरून काढण्यासाठी तेच आत खेचले जाते.

डिग्रीसर (तेलकट थर सोडवणारे रसायन) किंवा शाम्पू वापरला असेल तर परिस्थिती आणखी बिघडते. नियंत्रकांच्या पेट्यांना आणि हेडलाइटना दाब समान राखण्यासाठी बऱ्याचदा सूक्ष्म छिद्रांचा एक पडदा बसवलेला असतो. टेफ्लॉनच्या जातीच्या या पडद्यातून हवा जाते, पाणी जात नाही. पाण्याला टेफ्लॉनचा पृष्ठभाग भिजवता येत नाही, त्यामुळे छिद्राच्या तोंडाशी पाण्याचा बहिर्वक्र पृष्ठभाग तयार होतो आणि त्याला आत ढकलण्यास लागणारा दाब पृष्ठताण व स्पर्शकोनाची (पाण्याची कड पृष्ठभागाशी करते त्या कोनाची) कोज्या यांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात, तर छिद्राच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असतो. छिद्र एक मायक्रोमीटरचे असेल, तर साध्या पाण्यासाठी हा दाब अंदाजे एक वातावरण इतका येतो. वर काढलेली तूट त्याच्या सहाव्या भागाइतकी असल्याने पडदा सहज टिकतो. परंतु साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटनवरून ३०च्या आसपास उतरतो आणि त्याबरोबर स्पर्शकोनही कमी होतो. हा कोन ९० अंशांच्या खाली आला की पडद्याचा विरोधच संपतो. म्हणून तापलेल्या इंजिनावर फेसाळ पाणी ओतणे ही सर्वांत वाईट जोडी आहे.

पावसाच्या युक्तिवादाचे उत्तरही यातच आहे. धावत्या गाडीत बॉनेट आणि इंजिनाखालचे आवरण पाण्याचा मोठा भाग अडवतात, आत येतात ते थोडेसे शिंतोडे, आणि इंजिन चालू असल्याने कनेक्टर एकदम थंड होत नाहीत. गाडी उभी केल्यावर ते सावकाश निवतात आणि हवाच आत घेतात. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात गरम गाडी अडकली, तर मात्र वरील गणित लागू पडते.

आत गेलेले पाणी लगेच त्रास देईलच असे नाही. ते पिनांमध्ये अडकून राहते. त्यात मीठ असते, पिनांमध्ये १२ व्होल्टपर्यंतचे विभवांतर असते, आणि विद्युतअपघटनाने धन पिनेचे तांबे हळूहळू विरघळून हिरवट क्षार जमा होतो. गाडी कित्येक आठवड्यांनी अचानक बंद पडते, तोवर धुलाई विसरली गेलेली असते. मग नजर लागली असे म्हणून बंपरखाली नवी लिंबू-मिरची लटकते, किंवा मेकॅनिक एकामागून एक संवेदक बदलत सुटतो. दोन्ही उपायांनी तो हिरवा क्षार जागचा हलत नाही.

म्हणून घरी हे काम करायचे तर पहिली पायरी वाट पाहण्याची. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्वच्छ करावी. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू शकतो, म्हणून बॅटरीचे ऋण टर्मिनल आधी सोडवावे. गाडीचा सांगाडा ऋणाशीच जोडलेला असल्याने या क्रमात पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. परत जोडताना ऋण टर्मिनल शेवटी जोडावे. हायब्रिड किंवा विजेवरची गाडी असेल, तर उच्च विद्युतदाबाच्या नारिंगी केबलांच्या आसपास घरी काहीही करू नये.

सुकी पाने आणि उंदरांनी आणलेल्या चिंध्या प्रथम हातांनी काढाव्यात. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, नियंत्रक आणि एअर फिल्टरचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकावे. त्यानंतर डिग्रीसर गाडीवर न फवारता फडक्यावर किंवा दात घासायच्या जुन्या ब्रशवर घ्यावे, किटण मऊ होईपर्यंत थांबून पुसावे आणि मग ओलसर फडक्याने दोनदा निपटावे. होज पाइपची गरजच पडत नाही. तीव्र अल्कली असलेले क्लीनर अॅल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर विरघळवतात, म्हणून ते टाळावेत. हातमोजे आणि चष्मा हवाच.

गॅरेजांमध्ये चमक आणण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल मारण्याची जुनी रीत आहे. तिला ठाम नकार द्यावा. कूलंटच्या नळ्या बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या असतात, आणि हे रबर खनिज तेलाने फुगते. शिवाय तापलेल्या एक्झॉस्टजवळ ही वाफ पेट घेऊ शकते. पेट्रोलचा तर विचारही करू नये. समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींत इंजिनावर ओतले जाणारे चकचकीत सिलिकॉन अल्टरनेटर वगैरे फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यावर उडाले, तर पट्टा घसरतो.

तेलकट फडकी नाल्याशी झटकू नयेत. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या सांडपाण्याच्या जाळ्यापासून वेगळ्या आहेत आणि त्यांतले पाणी शुद्धीकरणाशिवाय खाडीला आणि समुद्राला मिळते.

बॉनेट उघडे ठेवून सर्व भाग हवेवर सुकू द्यावेत. दमट दिवसांत यास काही तास लागतात. पिशव्या एक-एक करून काढाव्यात, बॅटरी जोडावी आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटे मंद चालवून डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागत नाही ना, हे पाहावे. पुढे आठवड्याभराने विजेरी घेऊन इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या आणि तळाच्या गॅस्केटची (सांध्यातून तेल पाझरू न देणाऱ्या पट्टीची) कड तपासावी. स्वच्छ धातूवर ताज्या तेलाची रेघ उमटलेली असेल, तर किटण कोठून तयार होत होते ते कळते, आणि मेकॅनिकला नेमके तेवढेच गॅस्केट बदलायला सांगता येते.