पादांगुली-विकृती, बालकांतील

बालकाच्या पायाची बोटे जन्मतः वळलेली, एकमेकांवर चढलेली, जुळलेली वा संख्येने अधिक असणे. सातारा-सांगली भागात ‘वळलेलं बोट’, ‘बोटावर बोट’, ‘जोडबोट’, ‘सहावं बोट’ याच नावांनी आई-आजी ती डॉक्टरांना दाखवतात.

वळलेले बोट सर्वाधिक आढळते. तिसरे, चौथे किंवा करंगळी आत वळून शेजारच्या बोटाखाली शिरते. बहुधा दोन्ही पायांना, आणि पुष्कळदा वडिलांच्या वा आजोबांच्या पायालाही. याच्या कारणाविषयी एकमत नाही. काहींनी पावलातील लहान स्नायूंच्या दुबळेपणाकडे बोट दाखवले आहे. बोट वाकवणारी लांब कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आखूड असते, हे मत तपासणीशी अधिक जुळते. मूल मांडीवर घेऊन घोटा खाली झुकवला की कंडरा सैल पडून बोट सरळ होते. पाऊल वर उचलले की ते पुन्हा वळते. ही तपासणी घरीही करता येते. बोट असे सुटत असेल तर घाईचे कारण नसते.

उपचारांत चिकटपट्टी सर्वांत जुनी. ब्रिटिश अस्थिशल्यचिकित्सक स्वीटनम यांनी १९५८ मध्ये पट्टी बांधलेली व न बांधलेली मुले ताडून पाहिली. दोन्हींत फरक दिसला नाही, सुमारे चतुर्थांश बोटे आपोआप सुधारली. तान्हेपणीच पट्टी सुरू केल्यास गुण येतो, असे नंतरच्या काहींनी लिहिले आहे. तथापि वाट पाहणेच सयुक्तिक दिसते. साधारण तीन-चार वर्षांच्या वयानंतरही बोट दुखत असेल, नख चेपत असेल, तर कंडरा छेदण्याची लहान शस्त्रक्रिया करतात. कंडरा दुसरीकडे वळवून जोडण्याची अधिक मोठी रीत होती; १९९३ च्या तुलनात्मक चाचणीत तिचा वेगळा लाभ आढळला नाही.

चढलेल्या करंगळीत वरची त्वचा व कंडरा आखडलेली असते. पट्टीने ती क्वचितच बसते. कोल्हापुरी चपलेत करंगळी मोकळी राहते. शाळेच्या बंद बुटात मात्र तिच्यावर घट्टा पडतो. तक्रार बहुधा तिथूनच सुरू होते. आधी रुंद बूट घ्यावा, न भागल्यास शस्त्रक्रिया.

दुसरे व तिसरे बोट पडद्याने जुळलेले असल्यास चालण्यात अडथळा येत नाही. उपचार लागत नाही. सहावे बोट साधारण वर्षाच्या सुमारास काढतात. त्याला दोरा बांधून ‘गाळण्याची’ रीत घातक आहे: आत बहुधा हाड असते, बोट सडते, जंतुसंसर्ग होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून) अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी होते. तिथे बोटे दाखवता येतात. पुढील उपचारांसाठी सातारचे जिल्हा रुग्णालय किंवा मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९६२) जवळ पडते.

बोटाभोवती आईचा केस वा मोज्याचा धागा आवळणे ही विकृती नव्हे, पण तशी समजली जाते. बोट सुजून लाल-निळे होते, बाळ कशानेच शांत होत नाही. धागा मांसात रुतून दिसेनासा होतो. त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन तो कापून काढावा लागतो.