वरचं खाणं आणि अडलेलं पोट : एका जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

अंगावरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाची शी पातळ आणि पिवळी असते. कुणाला दिवसातून पाच-सहा वेळा होते, कुणाला आठवड्यातून एकदा. बाळ हसतंखेळतं असेल, वजन वाढत असेल, तर दोन्ही ठीक. मग उष्टावण होतं. मामाच्या मांडीवर बसवून खीर चाटवली जाते आणि दुसऱ्या दिवसापासून पेज, खिमट, मऊ भात सुरू होतो. आठ-पंधरा दिवसांत बाळ लालबुंद होऊन कुंथायला लागतं, कपड्यात खडा पडतो, आणि घरातली प्रत्येक मोठी बाई आपापला उपाय सांगते. हे उपाय कुठून आले, वैद्यकाने बद्धकोष्ठतेच्या या तक्रारीकडे इतक्या उशिरा का पाहिलं, आणि कोल्हापूरसारख्या दुभत्या मुलखात तिला वेगळं वळण कसं मिळालं, हे समजून घेतलं की आज काय करायचं तेही नीट कळतं.

मुळात शरीरात काय होतं ते आधी. आईचं दूध जवळजवळ सगळं पचतं, चोथा फारसा उरत नाही. धान्य पोटात गेलं की उरणारा भाग वाढतो, आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलते, आणि अंगावर पिणं कमी झालं तर पाणीही कमी जातं. मोठं आतडं उरलंसुरलं पाणी शोषून घेतं. एकदा शी करताना दुखलं की पुढच्या वेळी बाळ ती आवरून धरतं. धरलेली शी आणखी वाळते, आणखी दुखते. बहुतेक घरांतली गोष्ट एवढीच असते, पोटात कसलाही रोग नसतो.

घन अन्न कधी द्यावं याबद्दल आपल्याकडचे जुने वैद्य घाईचे नव्हते. सुश्रुताने सहाव्या महिन्यात 'लघु आणि हितकर' अन्न द्यायला सांगितलं. बालरोगांवरच्या काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळाची चव आणि दहाव्या महिन्यात अन्नप्राशन असा क्रम आहे. धान्याआधी फळ हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या घरांतून तो कधी गळून पडला कोण जाणे, पण आज बहुतेक बाळांच्या तोंडी पहिल्यांदा तांदूळच लागतो.

मग वैद्यकाला उशीर का झाला? कारण या वयात मुलं मरत होती ती जुलाबाने. वरचं सुरू झालं की अस्वच्छ पाणी, शिळी पेज आणि न उकळलेली भांडी यांतून हगवण लागायची. पंजाबातल्या खन्ना भागातल्या कामावरून १९६३ साली संशोधकांनी, अंगावरचं तुटण्याच्या काळातला जुलाब, असं या दुखण्याला स्वतंत्र नाव दिलं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-पाण्यावर हजारो जीव वाचवले आणि पुढची कितीतरी वर्षं सगळं लक्ष तिकडे राहिलं. ते योग्यच होतं. पण त्यामुळे बाळाला शी होत नाही ही तक्रार दवाखान्यात फार काळ किरकोळ ठरली. 'होईल आपोआप' असं ऐकून आया परतायच्या. ही जागा मग घरच्या उपायांनी भरून काढली.

त्यातली सर्वांत मानाची बाळगुटी. सहाणेवर बाळहिरडा, मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, सुंठ, अतिविष, ज्येष्ठमध, जायफळ, मायफळ, खारीक, बदाम यांचे ठरलेले वेढे उगाळायचे आणि दुधातून चाटवायचे. ही नावं नीट वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. बाळहिरडा पोट मोकळं करतो. मायफळ मात्र टॅनिनने भरलेलं, म्हणजे शी बांधणारं, म्हणूनच ते जुलाबावर देतात. जुन्या जाणत्या बायका बाळाची शी पाहून एकाचा वेढा वाढवत आणि दुसऱ्याचा कमी करत. ती विद्या हातातली होती. आता बाजारात तयार चूर्ण मिळतं, त्यात कशाचं किती आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. शिवाय सहाण, पाणी आणि बोट यांतून जंतू जायची भीती कालही होती, आजही आहे. गुटीमागची माया मला खरी वाटते, तरीही पहिल्या सहा महिन्यांत ती देऊ नये हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला मला पूर्ण पटतो.

एरंडेलाची गोष्ट जास्त कडू आहे. आठवड्याला एक दिवस मुलांना एरंडेल पाजण्याची रीत दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत घरोघरी होती. त्यातलं रिसिनोलेइक आम्ल आतड्याला चेतवून कळा आणतं आणि पोट ढाळवतं. तान्ह्या बाळाच्या अंगातलं पाणी त्याने झपाट्याने कमी होऊ शकतं. रडणाऱ्या बाळाचं नाक धरून पाजताना तेल श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया होतो. विड्याच्या पानाचं देठ तेलात बुडवून शीच्या जागी घालणं आणि साबणाची कांडी ठेवणं हीसुद्धा त्याच काळातली देणगी. शी लगेच होते, म्हणून आजी खूश होते. पण साबणाने नाजूक अस्तर चुरचुरतं, देठाने चीर पडू शकते, आणि चीर पडली की बाळ शी आणखी धरून ठेवतं. उपायातूनच पुढचा आजार तयार होतो.

मधाबद्दल तर स्पष्टच सांगायला हवं. जन्मल्यावर सोन्याने मध-तूप चाटवायची प्रथा जुनी, गुटीही मधात देतात. १९७६ साली कॅलिफोर्नियात तान्ह्या बाळांमधला बॉट्युलिझम पहिल्यांदा ओळखला गेला. मधात कधीकधी असलेले जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या कोवळ्या आतड्यात रुजतात आणि तिथे विष तयार करतात. हा आजार दुर्मीळ आहे, पण त्याचं पहिलं लक्षण बहुतेकदा बद्धकोष्ठताच असतं, नंतर बाळ लुळं पडत जातं. म्हणजे पोट साफ व्हावं म्हणून दिलेला मध क्वचित पोट बंद करणारा ठरू शकतो. वर्षाच्या आत मध नको, हा नियम तिथून आला.

आता आपल्या जिल्ह्याकडे. कोल्हापूरला दुधाचा अभिमान आहे आणि तो साधार आहे. तालमीतल्या पैलवानाचा खुराक, गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून मिळणारं धारोष्ण दूध, १९६३ साली उभा राहिलेला जिल्हा दूध संघ, आणि गावोगावच्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध घालायला जाणारी माणसं. अशा मुलखात 'बाळ बारीक दिसतंय' म्हटलं की म्हशीच्या दुधाची वाटी पुढे येते. पण आईच्या दुधात शंभर मिलिलिटरला साधारण एक ग्रॅम प्रथिनं असतात, म्हशीच्या दुधात त्याच्या चौपट, आणि स्निग्धांशही जवळजवळ दुप्पट. जनावराच्या दुधातली काही स्निग्धाम्लं कॅल्शियमशी जुळून आतड्यात साबणासारखा कडक साका तयार करतात. आईच्या दुधातली स्निग्धाची मांडणी वेगळी असल्याने तिथे हे फार कमी होतं. वर दुधाने पोट गच्च झालं की बाळ भाजी-फळ खात नाही. १९५०च्या दशकात म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळअन्नाची भुकटी करण्याची पद्धत बसवली, तीही दूध जसंच्या तसं बाळाला मानवत नाही म्हणूनच. १९९८ साली इटलीत ६५ बद्धकोष्ठ मुलांवर झालेल्या अभ्यासात गाईचं दूध बंद करून सोयाचं दिल्यावर ४४ जणांचं पोट सुधारलं. सगळ्यांना दूध बाधतं असा याचा अर्थ नव्हे, पण जुनाट तक्रारीत दुधाकडे बोट जातं ते यामुळे. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये, एवढं मात्र आता पक्कं झालं आहे.

धान्याचाही इतिहास बदलला. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यातली नाचणी बाळाला देतात ती बहुधा सत्त्व करून : भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेलं वाळवायचं. ते पचायला हलकं खरं, पण गाळताना कोंडा निघून जातो आणि उरतो मुख्यतः स्टार्च. तांदूळही हातसडीचा होता तेव्हा वेगळा होता, गिरणीत पांढराशुभ्र झाल्यावर वेगळा. सत्त्वाची खीर, पांढऱ्या भाताची पेज आणि वर दूध असा दिवसभराचा आहार झाला की शी घट्ट होणारच. जुन्या खिमटात निदान मूगडाळ तरी असायची, वर तुपाची धार असायची.

पाश्चात्त्य देशांत दुसरंच टोक गाठलं गेलं. १८६७ साली हेन्री नेस्ले यांनी दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांचं बाळअन्न बाजारात आणलं. १९५०च्या दशकात अमेरिकेत महिना-दीड महिन्याच्या बाळालाही डब्यातलं सीरियल भरवू लागले. तिथून मागे फिरायला वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटना चार ते सहा महिन्यांवर आली आणि २००१ साली पूर्ण सहा महिने केवळ आईचं दूध यावर ठरली. भारतात १९९२च्या कायद्याने बाळदुधाच्या जाहिराती रोखल्या. आज अंगणवाडीताई सहा महिने पाणीसुद्धा नको म्हणते, त्यामागे हा सगळा प्रवास आहे.

तक्रारीची नेमकी व्याख्याही अलीकडची. २०१६च्या रोम निकषांनुसार (पोटाच्या तक्रारी ओळखायचे हे आंतरराष्ट्रीय निकष) चार वर्षांखालच्या मुलात महिनाभर यांपैकी दोन गोष्टी हव्यात : आठवड्यात दोन किंवा कमी वेळा शी, धरून ठेवण्याची सवय, कडक वा दुखरी शी, जाडजूड शी, गुदाशयात साठलेला मोठा गोळा. नऊ महिन्यांखालचं बाळ दहा-दहा मिनिटं कुंथून रडतं पण शी मऊच होते, तेव्हा ती बद्धकोष्ठता नाहीच. पोटाचा जोर लावताना खालचा स्नायू सैल सोडायचं त्याला अजून जमत नसतं, आणि ते काही आठवड्यांत जमतं. ही एक गोष्ट माहीत असती तर कितीतरी देठं वाचली असती.

म्हणून आता डॉक्टर आधी ताटात बदल सांगतात. अंगावर पाजणं चालू ठेवायचं, जेवणासोबत वाटीने दोन-चार घोट उकळून गार केलेलं पाणी, पिकलेली पपई, पेअर, भिजवून कुस्करून गाळलेल्या काळ्या मनुका, शिजवलेली पालेभाजी, डाळीत तूप. कच्चट केळं नको, पूर्ण पिकलेलं चालतं. एवढ्याने भागलं नाही तर लॅक्ट्युलोजसारखं शी मऊ करणारं औषध, तेही वजनावरून डॉक्टरांनी ठरवलेलं.

आणि काही खुणा अशा की घरी एक दिवसही काढू नये. जन्मानंतर पहिल्या ४८ तासांत बाळाने काळी शी केली नव्हती, पोट टम्म फुगलंय, उलटी हिरवी होते, शीत रक्त आहे, वजन वाढत नाही, किंवा बाळ अचानक मलूल होऊन चोखेनासं झालं आहे. कोपनहेगनचे डॉक्टर हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली आतड्याच्या शेवटच्या भागाचा एक जन्मजात आजार मांडला. त्या भागात मज्जापेशीच नसतात, त्यामुळे शी पुढे सरकत नाही. तो पेज बदलून बरा होत नाही, शस्त्रक्रियेने होतो. बाळंतपणाच्या कागदावर पहिली शी कधी झाली हे लिहिलेलं असेल तर तो कागद दवाखान्यात जाताना सोबत न्यावा.