ट्रॉली शेडात बसली का नाही? आकसणाऱ्या लांबीमागची जुनी भानगड

मागच्या सीझनला गुऱ्हाळावर बसलो होतो तेव्हा भाच्यानं एक कोडं घातलं, पोरगं बीएस्सीला आहे, फिजिक्स. समोर उसाची ट्रॉली रिकामी होत होती, तिच्याकडं बोट करून म्हणाला, "मामा, समज ट्रॉली २० मीटर आणि शेड १० मीटर, पुढं-मागं दोन्हीकडं दारं. ट्रॉली प्रकाशाच्या ८७ टक्के वेगानं घुसली तर आकसून १० मीटर होणार, म्हणजे शेडात बरोबर बसणार, क्षणभर दोन्ही दारं एकदम लावून उघडता येतील. पण ट्रॅक्टरवाल्याच्या हिशेबानं ट्रॉली २० चीच, उलट शेडच आकसून ५ मीटर झालंय. मग बसली का न्हाई, एक काय ते सांग की!"

पुस्तकात हे शिडी आणि कोठार म्हणून येतं, आइन्स्टाईनच्या सापेक्षता सिद्धांतातलं कोडं: आपल्या समोरून जे पळतंय ते आपल्या मापानं वेगाच्या दिशेनं आकसलेलं भरतं. उत्तर मी सांगितलं, त्याला पटलं नाही, आणि खरं सांगू का, त्यात त्याची काय चूक पण नाही, कारण लांबी आकसायची ही कल्पना आइन्स्टाईनच्या १६ वर्षं आधी जन्मली आणि ती पण भलत्याच कामासाठी.

साल १८८७, अमेरिकेतलं क्लीव्हलंड, माणसं दोन, मायकेलसन आणि मॉर्ले. पाण्याच्या लाटेला जसं पाणी लागतं तसा प्रकाशाला ईथर लागतो असं तेव्हा सगळे धरून चालायचे, आणि पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरनं पळतीय म्हणजे त्या ईथरचा वारा लागलाच पाहिजे. पंचगंगेत पोहणाऱ्याला विचारा, या काठावरून त्या काठाला जाऊन परत येणं आणि तेवढंच अंतर धारेच्या उलट जाऊन परत येणं, दुसऱ्याला जास्त वेळ लागतो. यांनी प्रकाशाचा झोत दोन काटकोनी वाटांनी पाठवला, सगळं यंत्र एका दगडी फरशीवर आणि फरशी पाऱ्यावर तरंगती, म्हणजे हळूहळू गोल फिरवता येईल. फरक अपेक्षेच्या विसाव्या हिश्शाइतकासुद्धा दिसला नाही.

आता ईथर तर सोडवत नव्हता. मग डब्लिनच्या फिट्झजेराल्डनं १८८९ ला एका अमेरिकन साप्ताहिकाला छोटंसं पत्र लिहिलं, की ईथरमधून जाताना वस्तूचे रेणू एकमेकांजवळ येत असतील, वस्तूच वेगाच्या दिशेनं थोडी चेपत असेल. गंमत म्हणजे पत्र छापून आलंय हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. १८९२ ला हॉलंडच्या लोरेन्ट्झनं स्वतंत्रपणे तेच मांडलं. किती चेपायचं? अख्खी पृथ्वी साधारण ६ सेंटीमीटर. आपली कोयना एक्स्प्रेस ताशी ११० नं पळाली तरी तिची लांबी एका अणूच्या रुंदीइतकी पण कमी होत नाही.

इथं जरा थांबा, कारण गोम इथंच आहे. ही आकसणी म्हणजे खरोखरची दाबादाबी होती, आणि एकतर्फी. ईथरमधून जो पळतो तो चेपतो, थांबलेला नाही. ट्रॉली लहान, शेड तेवढंच, विषय संपला, कोडं निघतच नाही! आपल्या डोक्यात 'आकसणं' म्हटल्यावर येतं ते चित्र हेच १८८९ चं.

दुसरा धागा घड्याळांचा. लोरेन्ट्झनं १८९५ ला गणित जुळावं म्हणून 'स्थानिक वेळ' नावाचं एक प्रकरण घातलं, त्याच्या लेखी ती नुसती सोय होती. फ्रान्सच्या पॉइंकारेनं १९०० ला ओळखलं की पळणाऱ्या लोकांनी प्रकाशाचे इशारे देऊन आपापली घड्याळं जुळवली तर नेमकी हीच वेळ येते. एवढ्या जवळ येऊन गड्यानं ईथर काही सोडला नाही.

१९०५ ला बर्नच्या पेटंट ऑफिसातल्या आइन्स्टाईननं हे दोन धागे एकत्र विणले. लेखाचा पहिला भागच 'एकाच वेळी म्हणजे काय' यावर आहे, रेणूबिणू कुठंच नाहीत. पळणाऱ्या वस्तूची लांबी मोजायची म्हणजे तिची दोन्ही टोकं एकाच वेळी कुठं होती ते टिपायचं, आणि ते 'एकाच वेळी' प्रत्येकाचं वेगळं. आता ट्रॉली घ्या. शेडातल्या माणसाला दोन्ही दारं एकदम लागली. ट्रॅक्टरवाल्याच्या घड्याळानं पुढचं दार आधी लागून उघडलं, आणि मागचं लागलं ते त्यानंतर ५८ नॅनोसेकंदांनी, तोवर ट्रॉलीचं तोंड बाहेर पडलेलं. धडक कुणाच्याच हिशेबात नाही. बसली का नाही बसली हा प्रश्न 'एकाच वेळी' या शब्दावर उभा आहे आणि तो शब्दच दोघांचा सारखा नाही.

शहाण्यासुरत्यांना पण हे लगेच पचलं नाही. १९११ ला व्हारिचाक नावाच्या गणितज्ञानं लिहिलं की मग ही आकसणी नुसती भासाची, घड्याळं जुळवण्याच्या पद्धतीतून आलेली. आइन्स्टाईनचं उत्तर असं, की सोबत पळणाऱ्याला ती नाहीच, पण बाकीच्यांना ती प्रयोगानं दाखवता येईल अशी आहे, त्यामुळं खरी का खोटी हा सवालच दिशाभूल करतो. त्याआधी १९०९ ला एरेनफेस्ट नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं फिरत्या चकतीचा पेच टाकला होता, कड आकसणार पण त्रिज्या नाही, मग भूमिती कशी जमायची? या वाटेनं आइन्स्टाईन पुढं वक्र अवकाशापर्यंत गेला, आणि त्या व्यापक सापेक्षतेवर, म्हणजे त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतावर, ज्यांनी बनारसला बसून बरीच वर्षं काम केलं ते विष्णू वासुदेव नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मलेले, १९०८ चे. जयंतराव पण इथलेच, १९३८ चे.

माझा आवडता किस्सा मात्र जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाचा. दोन ट्रॅक्टर एकामागं एक, मध्ये ताणून बांधलेला दोरा, दोघांनी एकदम सुटून अगदी सारखा वेग वाढवत न्यायचा, रस्त्यावरच्या माणसाला अंतर कायम तेवढंच दिसणार. दोरा तुटणार का? (मूळ कोडं १९५९ चं, ड्यूअन आणि बेरान यांचं, तिथं अर्थातच रॉकेटं आहेत.) बेलनं १९७६ ला लिहून ठेवलंय की सर्नच्या (जिनिव्हाजवळची अणुकणांच्या संशोधनाची संस्था) कँटीनमध्ये यावर वाद झाला, थिअरी विभागातल्या लोकांना विचारलं तर बहुतेकांचं मत पडलं, तुटणार नाही. तुटतो! दोऱ्याला आकसायचंय आणि ट्रॅक्टर आकसू देत नाहीत. दाबादाबीचं जुनं चित्र इथं उलट बरं पडतं, आणि बेलचं म्हणणं साधारण तेच होतं.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मग फोटो काढला तर चपटी दिसंल की ट्रॉली." तर नाही. १९५९ ला टेरेल आणि पेनरोझ यांनी वेगवेगळं दाखवलं की वेगवेगळ्या भागांतून निघालेला प्रकाश कॅमेऱ्यात एकदम पोचायला मागंपुढं निघालेला असतो, त्यामुळं लांबची वस्तू चपटी न दिसता वळल्यासारखी दिसते आणि चेंडूची कड तर गोलच राहते. १९०५ पासून ५४ वर्षं बहुतेकांनी डोळ्याला चपटं दिसेल असंच धरलं होतं. एवढं सांगून वळलो तर भाचा उठून काकवीच्या कढईकडं गेलेला.