पार्श्वभूमी : भाभांचा मलबार हिलवरचा बंगला

होमी भाभांच्या ‘मेहरांगीर’ बंगल्याचा विषय निघाला की अणुशक्ती कार्यक्रमाचीच उजळणी होते. भाभांचं मूळ काम मात्र कणभौतिकीतलं. केंब्रिजला घरच्यांच्या इच्छेखातर यांत्रिकी अभियांत्रिकी पहिल्या वर्गात पुरी करून ते भौतिकीकडे वळले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धनभारित जोडीदार) एकमेकांवरून कसे विखुरतात, याचं १९३५ सालचं त्यांचं गणित आजही त्यांच्याच नावानं चालतं. या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रांत टकरींचा दर मोजायला तेच वापरतात. १९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले, युद्ध पेटलं आणि परत जाणं राहिलं.

घर आणि प्रयोगशाळा यांच्यात भिंत घालणं त्यांना कधी जमलंच नाही. पेडर रोडवरच्या ज्या घरात ते जन्मले, त्याच घराच्या अर्ध्या भागात १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था मुंबईत सुरू झाली. केंब्रिजमध्ये मोझार्टच्या ऑपेराचं नेपथ्य करणारा हा माणूस पुढे संस्थेच्या कुलाब्याच्या इमारतीसाठी स्वतः चित्रं निवडत असे. त्या खरेदीला पंतप्रधान नेहरूंनी एक टक्का रक्कम मंजूर केली होती. हा टक्का बांधकाम खर्चाचा की अंदाजपत्रकाचा, हे सांगणारागणिक बदलतं. आवारात आड येणारं झाड तोडायचं नाही, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचं, असाही त्यांचा दंडक होता.

जानेवारी १९६६ मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर विमान कोसळून ते गेले. बंगला भाऊ जमशेद यांच्याकडे राहिला. २००७ मध्ये भावाचंही निधन झालं आणि त्याच्या इच्छापत्रानुसार बंगला नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्राला (एनसीपीए) मिळाला. हे केंद्र उभं करण्यात त्याचाच पुढाकार होता. केंद्रानं जून २०१४ मध्ये बंगला लिलावात काढला. ३७२ कोटी आले.

खरा वाद इथला. अणुऊर्जा खात्यातल्या कर्मचाऱ्यांनी राष्ट्रीय स्मारकाची मागणी करत उच्च न्यायालय गाठलं, एका भारतरत्न शास्त्रज्ञानं पंतप्रधानांना पत्र लिहिलं. लिलाव थांबला नाही. मालकी केंद्राचीच होती आणि मिळालेला पैसा कलेसाठीच लागणार होता, म्हणून केंद्राला खलनायक ठरवणं सोपं असलं तरी न्याय्य नाही. उलट, भाभांच्या जयंतीला हार घालणाऱ्या सरकारांना रीतसर मोल देऊन वास्तू घेता आली असती. मुंबईत काय किंवा दिल्लीत काय, तेवढी निकड कुणालाच वाटली नाही. शिवाय स्मारक म्हणजे नेमकं काय, यावर मागणी करणारेही फारसे बोलले नाहीत. नुसत्या खुर्च्या-टेबलांना दोरी बांधून ठेवली असती, तर ते भाभांनाच पसंत पडलं नसतं, असं म्हणायला बरीच जागा आहे.

२०१६ मध्ये बंगला पाडला गेला. कुलाब्याची चित्रं मात्र संस्थेच्या नावावर घेतलेली असल्यानं वारसाहक्काच्या फेऱ्यात कधी आलीच नाहीत.